कौसाचं लेहले जाणं

वैशाखाच्या उन्हात जवा मेडशीतले कुत्रे बी नालीत जाऊन बसतात, तवा कौसा अंगात लाल लोकरीचं सेटर घालून गावामांगची टेकडी चढे. निस्तं सेटर नाही. डोक्यावर काड्याचा भारा, आन् नाकातोंडाले पदर गच्च बांधेल. लुगडं घामानं असं वलं होये का जसं आत्ताच धुवून काढलं. वाटंवरचे लोक मले म्हणत, "सुभद्रे, तुह्या मैतरणीच्या डोक्यात ऊन गेलं का व?" मी म्हणो, "तिलेच इचारा." तिले इचारलं का ती पदर न सोडता आतूनच सांगे, "लेहले जाऊन राह्यली मी. तिथं हवा कमी असते म्हणतात. सवय करून राह्यली."

तोंडाले पदर बांधला म्हणजे हवा कमी भेटते, आन् कमी हवेत डोंगर चढला म्हणजे तिथं दम लागत नाही, असं तिचं गणित. लोक हासत. हासणाऱ्याचं तिले काही नोतं. तिले एकाच माणसाचं होतं.

कौसा माही शेजारीण. आमच्या दोघीच्या घरात एकच कुडाची भीत. तिकडं तिनं खोकललं का इकडं मी कूस बदलो. लगन होऊन आली तवा चांगली भरेल अंगाची होती, हासली का गालाले खळी पडे. मंग गावातली एक टोळी रस्त्याच्या कामाले पहाडात गेली, लेहकडे, तिच्यात तिचा नवरा नामदेव गेला. टोळी वापस आली, तो नाही आला. बाकीचे म्हणे, त्याले तिथं चांगलं काम भेटलं, येते मांगून. ती वाट पाहत राह्यली. आंदी आज येईन म्हणे, मंग दिवाईले येईन म्हणे, मंग काहीच म्हणे ना.

तो जातानी एक वस्तू मांगं ठेवून गेला. माय. ती बुढी लकव्यानं पडली. कौसा सकाई तिचं हागणंमुतणं काढे, भाकर कुस्करून चारे, दाराले कडी लावे आन् निंदाले जाये. संद्याकाई आली का पुन्ना तेच. बुढीचं डोकं फिरेल होतं, शेवटी शेवटी ती कौसालेच "नाम्या, नाम्या" म्हणून हाका मारे. कौसा आपली "ओ माय" म्हणे. मी भितीच्या इकडून आयको. मले तवाच वाटे, का या नाम्याले कोणीतरी बांधून आणावं आन् ह्या हाका आयकवाव्या.

बुढी मेली तं मडकं कोण धरीन? भाऊबंद एकमेकाच्या तोंडाकडे पाहून राह्यले होते. कौसा उठली, मडकं उचललं आन् चालू लागली. तेराव्या दिवसाची तेरवी बी तिनंच केली. वरण, पोया, वांग्याची भाजी, बुंदी. ज्याईनं मडकं धरलं नाही ते बुंदी दोन-दोनदा मागून जेवले. मी म्हटलं, "कौसे, याईले कायले वाढते व?" तं म्हणे, "जेवू दे. माहा बी नंबर लागन."

हे तिचं नेहमीचं बोलणं. चक्कीवर दळणाच्या लायनीत कोणी पुढं घुसलं, बसमधी कोणी तिची जागा घेतली, मुकादमानं दुसरीले सावलीतलं काम देलं, का म्हणे, "असू दे. माहा बी नंबर लागन." लोकाईले वाटे बाई गरीब हाय. मले माहीत होतं. ती इसरत नोती, ती लायनीत उभी होती.

मंग आमच्या मांगच्या गल्लीतला प्रल्हाद फौजी सुटीवर आला. त्याची ड्यूटी तिकडंच लागेल होती. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो कौसाच्या ओट्यावर येऊन बसला. चहा पेला, पाणी पेला, बोलेच ना. कौसा म्हणे, "काहून रे बाबू, घरी भांडण झालं का?" तवा त्यानं मोबाईल काढला.

तिथं बसथांब्याजवय एक लहानसं हाटेल हाय म्हणे, मालक आपल्याकडचं बोलते म्हणून फौजी लोक तिथं जेवाले जातात. त्या हाटेलाच्या भितीवर, देवाच्या फोटोच्या बाजूले, एक बाईचा फोटो. प्रल्हादनं पाह्यला आन् घास तोंडातच राह्यला. तो फोटो कौसाचा. लगनानंतर दोघं जत्रंत गेले होते, तवा काढेल. नाम्यानं आपली बाजू कापून टाकेल होती. तिच्या खांद्यावर त्याचा हात तेवढा राह्यला होता, कापता आला नसन. आन् फोटोले हार. खाली उदबत्ती.

"मी इचारलं, हे कोण?" प्रल्हाद खाली पाहून सांगे. "तं म्हणे, माही पयली बायको. वारली. तिथं त्यानं दुसरी केली, काकू. हाटेल तिचंच हाय."

मी पाह्यलं कौसाकडे. ती रडली नाही, का ओरडली नाही. मोबाईल डोयाजवय नेला, दूर धरला, पुन्ना जवय नेला.

"हार कायचा हाय रे?"

"प्लाश्टिकचा, काकू."

"मेली तरी खरं फूल नाही देलं नामदेवानं," कौसा म्हणे.

मी चमकली. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नोतं. आमच्यातली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, लगनात उखाण्यात घेतलं तेवढंच. मी म्हटलं, "अवं, नाव काय घेते?" तं म्हणे, "मेलेल्या बाईले कायचा नेम?" आन् प्रल्हादले इचारलं, "मी कशानं मेली, ते इचारलं का तू?"

"नाही काकू. माही हिंमत नाही झाली."

"मंग मलेच जा लागते इचाराले."

त्या दिवसापासून तिचं जाणं सुरू झालं. प्रल्हादची सुटी सरली का त्याच्याच संगं जायचं ठरलं. अकोल्याऊन रेल, मंग पहाडातली बस. प्रल्हाद तिले सांगे, "काकू, ते वाळवंट हाय, पण थंड. झाड नाही, पाणी पडत नाही, उन्हानं चामडी जळते आन् सावलीत हात गोठते." कौसा म्हणे, "देवानं गाव बी नाम्यासारखंच बनवलं. बाहेरून एक, आतून एक." तो म्हणे, "गेल्याबरोबर दोन दिवस पडून राहा लागते, नाही तं डोकं फुटते, वकाऱ्या होतात." हे तिले पटलं नाही. "मी जन्मात दिवसा आडवी झाली नाही. त्याच्या गावात जाऊन पडू? तो लोकाईले दाखवन, हे पाहा, म्हटलं नोतं का मेली म्हणून." तवापासून ते टेकडी सुरू झाली.

सेटर घ्याले आमी दोघी मालेगावले गेलो. दुकानदार म्हणे, "मावशी, ह्या उन्हात? दिवाईनंतर या." कौसा म्हणे, "तवालोक थांबाले मले येळ नाही. काढा मांगून." त्यानं वरच्या फळीवरून गठुडं काढलं, सबन दुकानात डांबरगोयाचा वास सुटला. तपकिरी दाखवलं, निळं दाखवलं. तिनं हातानं सारलं. "लाल द्या. दुरून दिसलं पायजे." तिथंच अंगात घातलं, आरशात पाह्यलं, आन् मले म्हणे, "भूत वाटतो का?" मी म्हटलं, "नाही." "वाटाले पायजे होतं," म्हणे.

तवा वावरात धसकटं वेचाचं काम चालू होतं. वाकून वाकून कंबर तुटे, पण बायाईले इषय चांगला भेटला होता. एक म्हणे, "चपलीनं हाण, कौसे, आन् चप्पल तिथंच सोडून ये." दुसरी म्हणे, "त्या सवतीच्या झिंज्या धर."

"तिच्या कायले?" कौसा म्हणे. "तिनं मले पाह्यलं बी नाही. रोज उदबत्ती लावत असन बिचारी. मी हातच नाही लावणार कोणाले. मी जाईन, त्या फोटोखाली बसन आन् नाम्याले म्हणन, ताट वाढ. माही तेरवी केली असन ना तुनं? सबन गावाले बलावलं असन. मलेच बलावलं नाही. मी जेवाचीच राह्यली."

बाया हासून हासून मातीत बसल्या. एक म्हणे, "अवं, पण तू सवाष्ण मेली, भाग्याची हायेस!" पुन्ना हासल्या. कौसा हासत नोती. तिनं एक धसकट धरलं आन् असं उपटलं का मुयासकट मातीचा गोया आला.

मले म्हणे, "तू बी चल. एकल्या बाईनं जेवलं तं ते तेरवी होते का? पंगत पायजे." मी रांडमुंड बाई, मले कोण अडवते? आन् खरं सांगतो, भितीपलीकडच्या त्या हाका मी बी आयकेल होत्या. मी म्हटलं, येतो.

तिनं थैली भरली. आपल्या तुकड्यातल्या तुरीची दाय, तिखट, जवारीचं पीठ. "तिथं तूर पिकत नाही म्हणे. माह्या तेरवीले दाय माह्याच वावरातली पायजे."

सबन तयारी झाली, जाणं दोन-चार दिवसावर आलं, आन् भर दुपारी येष्टीतून नामदेव उतरला.

मी ओट्यावर होती. कौसा नुकतीच टेकडीवरून आली होती, सेटर अंगातच. समोरून एक बुढा येऊन राह्यला, वाळेल, थांबून थांबून, डोक्यात लोकरीची टोपी. त्या आगीत ते दोघंच लोकरीत. आंगणात आला आन् म्हणे, "कौसे."

तिनं भारा खाली ठेवला. "कोण पायजे तुमाले?"

"अवं मी. वयखलं नाही?"

"वयखलं. नामदेव. पण नामदेवची बायको तं मेली म्हणतात. तुमी कोणाच्या घरी आले?"

ती त्याले तुमी म्हणे, पण नवऱ्याले म्हणतात तसं नाही, वाटसरूले म्हणतात तसं. तो ओट्याच्या कडेले बसला. दम खाऊन सांगे, का छाती खराब झाली, तिथली हवा आता सोसत नाही, डाक्टर म्हणते खाली आपल्या गावाले जाय, नाही तं मरशीन. आन् ती हाटेलवाली बी म्हणे, जाय.

मी कौसाकडे पाह्यलं. जी हवा सोसाले ही इकडं तोंड बांधून डोंगर चढून राह्यली होती, तीच हवा सोसत नाही म्हणून तो पळून आला होता. तिचं तोंड कायं पडलं. मले हळूच म्हणे, "माहं जाणं बी खाल्लं यानं."

तिनं त्याले पाणी देलं. पाण्याले नाही म्हणत नाही कोणी. तवालोक गल्ली जमा झाली. तो पाणी पेला, गिलास खाली ठेवला, आन् ती समोर उभी राह्यली.

"एक सांगा. मी कशानं मेली?"

तो खाली पाहे.

"लोकाईले काय सांगतलं? काहीतरी तं सांगतलं असन."

"साप चावला म्हणून," तो म्हणे.

"कोणत्या वावरात?"

त्यानं टोपी काढून ओट्यावर ठेवली.

"मायचं करता करता मेली, असं तं सांगाचं होतं. ते थोडं तरी खरं झालं असतं. तुमची माय मले नाम्या म्हणे. मी ओ देवो. माहीत हाय तुमाले?"

तो रडाले लागला. गर्दीतला एक म्हातारा म्हणे, "कौसे, जाऊ दे आता. बुढा झाला तो."

"त्याची माय बी बुढीच होती," कौसा म्हणे.

"बसा," ती त्याले म्हणे, "जेवू घालतो." तिनं थैली सोडली. लेहसाठी बांधेल दाय काढली, शिजाले टाकली. मले म्हणे, "सुभद्रे, भाजी चीर." गल्लीतल्या बाया काही न सांगता कामाले लागल्या, कोणी पोया लाटल्या, कोणी घरून वांगे आणले. गोडाले बुंदी भेटली नाही, तं गूळ ठेवला. ऊन कललं तवा आंगणात पंगत बसली. जे आले ते सबन बसले. मधात नामदेव.

सगयाईले वाढून झालं. कौसा पंगतीच्या समोर उभी राह्यली आन् म्हणे, "हे कौसाची तेरवी हाय. ज्यानं ती मेली म्हणून सांगतलं, त्यानं पयला घास घ्यावा. त्याच्या आंदी कोणी हात लावू नये."

कोणी हात लावला नाही. लहान लेकरं बी ताटाकडे पाहून चूप. नामदेव ताटाकडे पाहे, लोकाईकडे पाहे, तिच्याकडे काही पाहवे ना. वरणावर साय धराले लागली. ती उभी, लाल सेटर, कपायाले कुकू, हात बांधेल. शेवटी त्यानं घास उचलला. वरण दाढीवर सांडलं. गियला. तवा ती म्हणे, "जेवा आता सगये."

जेवणं झाले, हात धुतले. तो ओट्याकडे सरकला, जसा आता इथंच राहायचा. तिकून फाट्यावर मालेगावच्या येष्टीचा भोंगा वाजला.

"तेरवी झाली," कौसा म्हणे. "तेरवी झाल्यावर पाव्हणे थांबत नाहीत. तुमची बहीण हाय धनजले, मालेगावाहून कारंज्याची गाडी भेटन. बहिणीले तं मारलं नाही ना तुमी?" आन् मंग मोठ्यानं, सबन गल्लीले आयकू जाईन असं, "नामदेव, बस आली."

तो गेला. टोपी ओट्यावर राह्यली होती, ते बी तिनं पळत जाऊन त्याच्या हातात देली. त्याची कोणतीच वस्तू तिले पुन्ना सांभायाची नोती.

मी म्हटलं, "चाल, झालं. आता कायले लेहले जाते?" तिनं रिकामी थैली झटकली आन् पुन्ना दाय भराले बसली. "फोटो तं तिथंच हाय ना."

प्रल्हादसंगं आमी गेलो. तिथं काय काय पाह्यलं ते लोक मले इचारतात, पण मी पोचल्याबरोबर आडवी झाली, डोकं धरून वकत राह्यली, मी काय पाहणार? उघडे बोडके डोंगर, आन् ऊन असं का डोये मिटतात पण अंग तापत नाही. कौसाले काही झालं नाही. "पदराची सवय," म्हणे. मले उठता आलं तसं आमी हाटेलात गेलो. चुलीजवयच्या बाईनं कौसाकडे पाह्यलं, भितीकडे पाह्यलं, पुन्ना कौसाकडे. हातातला डाव तसाच राह्यला. कौसा आपल्या हिंदीत म्हणे, "मैं मरी नहीं. वो झूठ बोल्या."

ती बाई चुलीजवयून उठली. स्टूल घेतला, स्वताच चढली, फोटो काढला, बाहीनं पुसला. मंग म्हणे, "मैं रोज अगरबत्ती लगाती थी, दीदी."

"और वो?"

"वो उधर पीठ करके बैठता था."

तो फोटोकडे पाठ करून बसे, हे आयकलं तवा कौसा हासली. किती वर्षांनी मी ते खळी पाह्यली. तिनं थैलीतली दाय त्या बाईले देली, तिनं रांधली, आन् आमी तिघी जेवलो. भितीवर फोटोच्या जागेचा चौकोन तेवढा गोरा राह्यला होता. कौसा त्याच्याच खाली बसली होती.

घरी आल्यावर तिनं फोटो चुलीत टाकला. पयले खांद्यावरचा त्याचा हात जळला, मंग ती. प्लाश्टिकचा हार आपल्या बकरीच्या गयात बांधला, आन् ती बकरी सबन मेडशीत हार घालून हिंडली. मले म्हणे, "सुभद्रे, माह्या मांगं माहा फोटो कोणी टांगायचा नाही. तेरवी बी नाही. एकदा झाली."

अवंदा तूर सोंगता सोंगता कौसा वावराच्या बांधावर, धुऱ्यावर टेकली, ते उठलीच नाही. दिवसा आडवी झाली ते तेवढीच.

कोणीतरी धनजले सांगतलं असन. नामदेव आला. आता काठी होती हातात, आन् झेंडूचा हार, खराखुरा, ताजा. तिच्या दाराले कुलूप पाहून माह्या ओट्याशी आला. मी उंबऱ्यात उभी होती, थंडी होती म्हणून तिचं लाल सेटर अंगात. तो पायरीवर पाय ठेवता ठेवता थबकला, मले पाहून का सेटरले पाहून, कोण जाणे.

"वयनी, तिचा एखादा फोटो असन," म्हणे. "हार घालतो."

"फोटो नाही."

"मंग तेरवीले तरी थांबतो."

"तिची तेरवी झाली. पयला घास तुमीच तं घेतला."

तो तसाच उभा. मी उंबरा सोडला नाही. फाट्यावर भोंगा वाजला.

"नामदेव," मी म्हटलं, "बस आली."

त्यानं हार माह्या ओट्यावर ठेवला आन् गेला. बकरी आली, हुंगला, आन् एक एक फूल करून खाल्ला. मी हाकलली नाही.